भरल्याशिवाय न सुटणारी गाडी

डिझेल आणि ओल्या मेथीचा वास एकत्र आला की माझा पाय आपोआप हलायला लागतो. वडिलांच्या छातीत दुखतंय, वेल्ह्याच्या दवाखान्यात नेलंय, असा भावाचा फोन आला तेव्हा मी पुण्याहून निघालो आणि नसरापूरला वडापच्या जीपमध्ये येऊन बसलो, तर दोन सीटा रिकाम्या. भावाचा फोन आता लागत नव्हता. "अहो, सोडा की गाडी," मी पुन्हा म्हणालो. "भरल्याबिगर न्हाई परवडत, पाव्हणं. डिझेल काय फुकट येतं व्हय?" ड्रायव्हर म्हणाला. माझा पाय जीपच्या पत्र्यावर हलायला लागला. गाड्या भरूनच सुटल्या तर किती इंधन वाचेल, हे त्याच आठवड्यात मीच ऑफिसात संगणकावर मांडून दाखवलं होतं. दोन्ही सीटांचं भाडं मी देतो, असं म्हणणार तेवढ्यात वेल्ह्याकडून रुग्णवाहिका सायरन वाजवत आली आणि पुण्याकडे निघून गेली. मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन शेजारी बसलेल्या मावशींनी हात जोडले. "कुणाचं माणूस हाय कुणास ठावं," त्या म्हणाल्या. मीही हात जोडले. वेल्ह्यात उतरल्यावर कळलं, त्या रुग्णवाहिकेत माझेच वडील होते. ते वाचले. पण आजही मी संगणकात दर गाडीत दोन माणसं वाढवतो, इंधनाची रेघ खाली येते, सगळे खूश होतात, आणि टेबलाखाली माझा पाय काही थांबत नाही.