थोरल्याचा मान, धाकट्याचा नंबर

आमच्या थोरल्या साडूंना कुणाचाही एक फोटो काढता येत नाही. ते दोन काढतात. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. शेंद्र्याच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहेत, आणि दोन सारख्या वस्तू शेजारी दिसल्या की त्यातली एक नापास केल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नाही. घरात एक फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा सुखानं नांदत असताना त्यांनी त्याचाच पुढचा अवतार आणला, तेव्हा ताईंनी स्पष्ट सांगितलं, "घरात एकच ऱ्हाईल. कोणता, ते दिवाळीपर्यंत ठरवा. नायतर मी ठरवते." ताईंना दोन्ही कॅमेरे एकच दिसत, त्यामुळं ही धमकी भयंकर होती. साडूंनी जुन्याच्या पट्ट्याला लाल नाडा बांधला आणि परीक्षा सुरू केली.

परीक्षेला नेहमी आम्हीच. एका रविवारी ते आम्हाला मकबऱ्यात घेऊन गेले आणि मकबऱ्याकडं पाठ करून भिंतीवरच्या शेवाळाचे फोटो काढत बसले. "मकबरा काय, कुणीबी काढतंय," ते म्हणाले. "शेवाळ सुटं दिसतंय का, ते बघायचं." माझा चेहरा मात्र त्यांना मनापासून आवडतो. "साडूभाऊ, तुमच्या तोंडावर अंधार लई हाये. टेस्टिंगला एक नंबर!" नवा कॅमेरा म्हणे समोरच्याचा डोळा आपण होऊन शोधतो. माझ्यासमोर त्याच्या पडद्यावरची चौकट नुसती भिरभिरत राहिली. साडूंनी शांतपणे कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'माणूस' बदलून 'प्राणी' केलं आणि चौकट माझ्या डोळ्यावर गप्पकन बसली. त्या दिवसापासून बायको मला वेगळ्याच नजरेनं बघते. संध्याकाळी टीव्हीवर निकाल लागायचा. अर्ध्या पडद्यावर माझी जुनी नाकपुडी, अर्ध्यावर नवी. पाहुणे चहा पीत मतं द्यायचे. मलाही विचारलं जायचं.

पण साडूंच्या परीक्षेत एक नियम होता. पहिला फोटो कायम जुन्यानं. थोरला आहे, मान त्याचा. पंगतीत वडीलधाऱ्यांच्या आधी पान वाढत नाहीत, तसं. आता आमची माणसं कशी, तर कॅमेरा समोर आला की श्वास कोंडून उभी राहतात. सासूबाई तर पदर तोंडावर घेऊन अशा बघतात, जणू समोर तलाठी आलाय. जुन्यानं 'खट' केलं की सुटलो म्हणून सगळे सैल व्हायचे. कुणी पोट सोडायचं, कुणी कुणाला चिमटा काढायचं. तेवढ्यात नव्याचं 'खट'.

खुलताबादला भाच्याचा साखरपुडा झाला, तेव्हा तर कहर झाला. जुन्याच्या फोटोत ओळीनं बसवलेले गुन्हेगार, नव्याच्या फोटोत पदर सोडून खळखळून हसणाऱ्या सासूबाई. साडू टीव्हीसमोर हरलेल्या माणसासारखे बसले. "काय बोलावं? नवा जीव पकडतो. जुन्यात माणसं मेल्यावानी येतात." जुन्यावर त्यांचा खरा जीव होता, पण माल तपासणारा माणूस. निकाल फिरवणं त्यांच्या रक्तात नाही.

मला राहवलं नाही. म्हणालो, "साडूभाऊ, एकदा नव्यानं आधी काढून बघा की. माणसं दुसऱ्या वेळेला हसतात. कॅमेऱ्याचा काय दोष?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी कुणाच्या वडिलांना पंगतीतून उठवलंय.

"धाकट्याला आधी? त्याच्या डोळ्यादेखत? नाय जमायचं."

"अहो, पण तो चाललाय ना घरातून!"

"म्हणूनच."

शहागंजातले एक स्टुडिओवाले चाचा जुना कॅमेरा न्यायला आले. डोळ्याला लावून म्हणाले, "क्या रखे जी तुमने, मख्खन है! बेचते कायकू?" साडूंनी कापडानं पुसलेली काच आणखी एकदा पुसली, बॅटरी गच्च भरलेली आहे म्हणून सांगितलं आणि चाचांना कोपऱ्यापर्यंत सोडून आले. ताईंनी न विचारता चहा ठेवला.

परवा सासूबाईंच्या वाढदिवसाला आम्ही सगळे पुन्हा खुलताबादला जमलो. साडूंनी नवा कॅमेरा लावला. 'खट'. पडद्यावर बघून त्यांचा चेहरा पडला. मलाही दाखवलं. सासूबाईंचा पदर तोंडावर, बाकीचे श्वास कोंडून.

"बघा," ते हळूच म्हणाले, "थोरला गेल्यापासून ह्याचं मन लागंना झालंय."

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. मी ते गिळलं. "व्हय," म्हणालो, "नवीन आहे अजून. रुळेल."

समोर सासूबाईंनी पदर सोडला होता आणि कशावरून तरी त्या हसत होत्या. साडू मान खाली घालून कॅमेरा पुसत होते.