पानं भिजत घातलीत

ओल्या गोणपाटाचा वास आला की मला आई आठवते. पन्नास वर्षांपूर्वी सोलापुरात मी घरी विड्या वळायची. त्यासाठी टेंभुर्णीच्या झाडाची पानं रात्री भिजवून गोणपाटात गुंडाळायची, सकाळी कातरली नाहीत तर ती वाळून तडकायची. मोहोळला आई अंथरुणाला खिळली होती. भाऊ मंगळवारच्या बाजाराला आला की म्हणायचा, "आक्का, आई लई आठवण काढती, चल की." मी म्हणायची, "पानं भिजत घातलीत, पुढच्या खेपेला येते म्हणून सांग." एक रात्र पानं भिजवली नसती तर काही बिघडलं नसतं, पण मी भिजवत राहिले. एका मंगळवारी भाऊ आला आणि 'चल' न म्हणता उंबऱ्यावरच बसून राहिला. मी ओली पानं तशीच टाकली आणि त्याच्याबरोबर एसटीत चढले. आईनं मला ओळखलं नाही. उशाशी बसले तर म्हणाली, "बाई, जरा सरकून बस. तितं माझी लेक बसंल. तिची पानं भिजत पडल्यात, न्हायतर कवाच आली असती." तेव्हापासून कुणी बोलावलं की मी हातातलं टाकून उठते. आईला त्याचा काही उपयोग झाला नाही.