चौकातला चोथा वाचणारा लुआन

आमच्या गल्लीत कुणाचं दुखणं गुप्त राहत नाही, आणि त्यात दोष दुखणेकऱ्याचाच असतो. काढा गाळून झाला की उरलेला चोथा आम्ही चौकात ओततो. येणाऱ्याजाणाऱ्यानं तो तुडवावा आणि दुखणं त्याच्या बुटाला चिकटून परगावी जावं, अशी त्यामागची उदात्त कल्पना आहे. पालिकेनं मनाईची पाटी लावली, तेव्हापासून चोथा पाटीच्या बुंध्याशी ओततात. जागा चटकन सापडते.

त्या पाटीपाशी रोज सकाळी लुआन दबाओ उभा असायचा, एका हातात वाफवलेला पाव, दुसऱ्यात चहाची बाटली. औषधांच्या दुकानात अडतीस वर्षं त्यानं मुळ्या, साली आणि बिया तोलून पुड्या बांधल्या होत्या. निवृत्तीच्या दिवशी तराजू दुकानात राहिला, नजर तेवढी घरी आली. लोक सकाळी पेपर वाचतात, लुआन चोथा वाचायचा. तेही मोठ्यानं.

"अरे वा, पाच नंबरात मूळव्याध परत आली वाटतं!"

सहा वर्षांपूर्वी त्यानं असंच तान शौयिंगच्या नवऱ्याचं दुबळेपण चौकात जाहीर केलं. हेतू शैक्षणिक होता. पुरुषत्वासाठी त्याच्या काढ्यात घातलेले हरणाच्या शिंगाचे काप नकली निघाले होते आणि नकली काप कसे ओळखावेत, हे तो जमलेल्या लोकांना समजावत होता. नवरा पुढे भलत्याच कारणानं वारला. पण शौयिंगनं लुआनशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

शौयिंग सूतगिरणीत होती. धागा तुटला की आवाजावरून ओळखायची, त्यामुळे आपल्याला सगळंच कळतं असा तिचा समज होता. यंदा वसंतात तिच्या लघवीला फेस यायला लागला, घोटे सुजले. इस्पितळातल्या कागदावर प्रोटीनपुढे तीन अधिक चिन्हं आली. शाळेत एवढी चांगली खूण तिला कधी मिळाली नव्हती. तरुण डॉक्टर म्हणाला, सुईनं मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासावा लागेल.

"गळतंय की नाही बघायला भोक पाडणार?" ती मला म्हणाली. "गळतंय हे तर मीच त्याला सांगितलं!"

ती गेली ब्येन वैद्यांकडे. वैद्यांचं वय एक्याऐंशी. इस्पितळाचा कागद त्यांनी हातात घेतला आणि त्यावर चहाचा पेला ठेवला. मग तीन बोटांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि निदान दिलं. मूत्रपिंड हे शरीराच्या साराचं कोठार. त्याचं दार सैल झालंय आणि प्लीहेत ते ओढून धरायचा जोर नाही. हे ऐकून शौयिंगचं समाधान झालं. दार सैल होणं तिला समजत होतं, स्वयंपाकघराचंही तसंच होतं.

वैद्यांनी ताकदीच्या, सूज उतरवणाऱ्या मुळ्या लिहून दिल्या. डॉक्टरनं मीठ बंद केलं होतंच. धाकटी बहीण आठवड्याला डुकराची मूत्रपिंडं आणायची, कारण जे बिघडलं ते खावं. दोन महिन्यांनी तीन अधिकचे दोन झाले. श्रेय वैद्यांनी घेतलं, डॉक्टरनं घेतलं आणि बहिणीनंही घेतलं. डुकरांना कुणी विचारलं नाही.

मग शौयिंगनं शहाणपणा केला. पैसे वाचवायला नेहमीचं दुकान सोडून बाजारातल्या एका गाड्यावरून पुड्या आणल्या आणि एकच पुडी तीन दिवस उकळून पुरवली.

चौथ्या दिवशी सकाळी लुआन चोथ्यापाशी आला आणि काही बोललाच नाही. गल्ली घाबरली ती त्यामुळे. तो उकिडवा बसला, एक काप उचलून चहाच्या पाण्यात धुतला, उजेडात धरला आणि तडक शौयिंगच्या दाराशी गेला.

"वहिनी, हा काढा पिऊ नका."

"रस्त्यावर टाकलेलं माझं दुखणं उचलून परत दारात आणतोस, मेल्या?" सहा वर्षांतलं तिचं हे पहिलं वाक्य. सोबत झाडूही आला.

"हे मूळ वैद्यांनी लिहिलेलं ते नव्हे. बघा, चाकासारखे दाट आरे आहेत याला. हे मूत्रपिंडच खातं. सरकारनं बंद केलंय!"

"आधी नवऱ्याची अब्रू घेतलीस, आता माझं औषध घे!"

दार लागलं. आत मातीच्या भांड्यात काढा उकळत असल्याचा वास येत होता. लुआननं एकदा दाराकडे पाहिलं, मग माझी तीनचाकी सायकल मला न विचारता घेतली. अर्ध्या तासानं ब्येन वैद्य तिच्या मागच्या फळीवर बसून आले. मांडीवर नाडी बघायची उशी होती आणि चेहऱ्यावर अपमान. चार वर्षांत ते घराबाहेर पडले नव्हते.

"माझ्या औषधात खोट काढतोय हा," ते म्हणाले.

"औषधात नाही, वैद्यबुवा. पुडीत."

वैद्यांसाठी दार उघडावंच लागलं. काढा वाटीत ओतलेला होता, निवत होता. लुआननं कोरी पुडी टेबलावर उपडी केली. वैद्यांनी चष्मा पुसला, काप डोळ्यांजवळ नेला, मग दुसरा, मग तिसरा.

"हे मी लिहिलेलं नाही," ते म्हणाले. त्यांच्या घराण्यात कबुलीच्या एवढं जवळ कुणी आलं नसावं. "किती दिवस घेतलं?"

"तीन." शौयिंग स्टुलावर बसली. झाडू हातातच होता.

"मग आजच इस्पितळात जा. तो पोरगा सुई म्हणतो ना? टोचून घे."

हे वैद्यांच्या तोंडून ऐकल्यावर वाटी तिनं स्वतःच मोरीत ओतली. रक्तात थोडी गडबड निघाली, ती महिन्याभरात निवळली. सुईही टोचली, लांबलचक नावाचा आजार सापडला, गोळ्या सुरू झाल्या. वैद्यांचा काढाही चालू आहे. डॉक्टरला त्याची यादी दाखवते, तो कपाळाला हात लावतो. सध्या एक अधिक आहे.

लुआनशी ती अजून बोलत नाही. फक्त चोथा आता चौकात टाकत नाही, त्याच्या उंबऱ्यासमोर पसरते. मुळ्यांचे काप निवडून वर, उताणे मांडलेले. लुआन पाव खात खाली वाकतो, सगळं वाचतो आणि अवाक्षर न काढता मान डोलावतो. पडद्याआडून ती बघत असते.

मग तो दोन्ही पायांनी त्या चोथ्यावर नीट उभा राहतो, दोनचार वेळा तुडवतो आणि बूट न पुसता चौकाकडे निघतो.