अर्धा सिनेमा

अमोलिक पाळक एका सिनेमात निदान तीनदा जागा बदलत. आधी कडेची खुर्ची, मग मागची रांग, आणि शेवटी दाराजवळ भिंतीला टेकून उभे. "साहेब, बसा की," डोअरकीपर म्हणे. "बसलो की झोप लागते रे. आणि झोपून परीक्षणं लिहिणारे आधीच पुष्कळ आहेत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

कल्याणच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचं एक चार पानी मासिक निघे. बाप्तिस्मे, लग्नं आणि मयतं यांच्या खालोखाल त्यात पाळकसाहेबांचं 'पाहिले-वाचले' हे सदर असे. गाजणारा सिनेमा, हातोहात खपणारी कादंबरी, त्यातलं ख्रिस्ती माणसाने काय घ्यावं आणि काय सोडावं, हे ते लिहीत. खरं म्हणजे सांगत, कारण लिहायला त्यांना बसवत नसे. मी तेव्हा कोलशेतच्या एका कंपनीत टायपिस्ट होते. शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटले की कोपरच्या घरी न जाता आधी त्यांच्याकडे जायचे. ते माझ्या खुर्चीभोवती फेऱ्या मारत बोलायचे आणि मी स्टेन्सिलवर टाइप करायचे. माझी मान दुखायची ती टायपिंगने नव्हे, त्यांच्यामागे फिरवून.

मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांना हे सदर सलत असे. पाळकाने लायब्ररीतून रहस्यकथा आणाव्यात, हे काय? पाळकसाहेब म्हणत, "न वाचता नाक मुरडणं हे बायबलातल्या ढोंगी परूश्यांचं काम. आपण वाचून मुरडू." एका कादंबरीवर त्यांनी लिहिलं होतं, 'नायिका दोनशे पानं रडते. मध्ये एकदा तरी गुडघे टेकले असते, तर पुस्तक निम्मं झालं असतं.' शिस्त मात्र एकच आणि कडक होती. शेवट पाहिल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही.

ती शिस्त एकदा मोडली, आणि मोडताना मी समोर होते. बापाची तिजोरी फोडून पळणाऱ्या मुलाचा एक सिनेमा तेव्हा गावभर गाजत होता. पाळकसाहेब मॅटिनीला गेले, पण टिटवाळ्याला एका घरी प्रार्थनासभा होती आणि कसाऱ्याची गाडी चुकली की तासभर दुसरी नाही. ते मध्यंतरातच उठले. अंक त्याच संध्याकाळी छापायचा होता. गाडीला निघण्याआधी त्यांनी उभ्याउभ्या मजकूर सांगितला. मी विचारलं, "शेवट काय आहे?"

"दिसतोच आहे गं शेवट. टाइप कर."

मी टाइप केलं. 'या चित्रपटात पश्चात्तापाचा मागमूस नाही. असे चित्रपट दाखवणारे हातही निर्मळ नाहीत.' मला तेव्हाच खटकलं होतं, तरी मी स्टेन्सिल छापायला दिलं.

त्याच टॉकीजमध्ये यंत्र चालवणारा शांतवन आमच्याच मंडळीतला. पंचांनी ते वाक्य उचललं आणि त्याला कळवलं, नोकरी सोड, नाहीतर प्रभुभोजनाला पुढे येऊ नकोस. प्रभुभोजन म्हणजे भाकर आणि प्याला. त्यातून वगळलं की माणूस मंडळीत असून नसल्यासारखा होतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाला, शांतवनची बायको एकटीच पुढे गेली. तो शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

पुढच्या शनिवारी तो पाळकांच्या घरी आला. मी टाइपरायटरवर होते. तो दारातच उभा राहिला.

"साहेब, माझ्या खिडकीतून सगळा हॉल दिसतो. तुम्ही इंटरव्हलला गेलेलात."

पाळकसाहेबांच्या फेऱ्या थांबल्या. "पंचांना सांगितलंस?"

"नाय. तुमचं नाव गेलं असतं."

"शेवट काय आहे?"

"मी सांगणार नाय. तुम्ही बघा."

दुसऱ्याच दिवशी उपासना आटोपून ते गेले; मी त्यांच्या घरीच थांबले होते. परतले ते थेट माझ्यासमोर येऊन खुर्चीत बसले, आणि मला भीती वाटली. "पोरगा परत येतो गं," ते म्हणाले. "बाप रस्त्यावर धावत सुटतो. बायबलातल्या उधळ्या पुत्राच्या ज्या दाखल्यावर मी वीस वर्षं उपदेश करतोय, तोच दाखला. आणि मी टिटवाळ्याच्या गाडीत होतो." त्यांना रडू फुटलं. माझ्याने त्यांच्याकडे बघवेना.

पंचांचे सेक्रेटरी समजूतदारपणे म्हणाले, "साहेब, पुढच्या अंकात दोन ओळींचा खुलासा छापू. भर उपासनेत बोललात तर लोक तुमचं ऐकणार नाहीत. मग आम्हाला बदलीसाठी वर लिहावं लागेल." तसं त्यांनी नंतर लिहिलंही. पण त्या वेळी पाळकसाहेब इतकंच म्हणाले, "त्याची लाज सगळ्यांसमोर काढली. माझी चौथ्या पानावर कशी काढायची?"

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी ते व्यासपीठावर चढलेच नाहीत. खालीच उभे राहून, हातातलं उपासना पुस्तक या हातातून त्या हातात करत बोलले. "मी अर्धा सिनेमा पाहून एका पूर्ण माणसाचा न्याय केला. शांतवन या मेजापासून दूर राहिला तो माझ्यामुळे. आज भाकर आपले निवृत्त पाळक देतील. मी घेणार नाही." आणि ते पहिल्या बाकावर जाऊन बसले. मंडळीत कुजबुज सुरू झाली. सेक्रेटरी छताकडे बघत होते.

लोक रांगेने पुढे जाऊन आले. शांतवन उठला नाही. त्याच्या बायकोने दोनदा मागे वळून पाहिलं. निवृत्त पाळक ताटावर फडकं घालणार, एवढ्यात शेवटचा बाक करकरला. तो मधल्या वाटेने सावकाश आला, मेजाकडे न जाता पहिल्या बाकापाशी थांबला आणि म्हणाला, "चला साहेब."

पाळकसाहेबांनी मान हलवली. "तू घे. मी नको."

"उठा," शांतवन म्हणाला, जरा मोठ्यानेच. "दर वेळी अर्ध्यातून नाय जायचं."

बायकांच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं. पाळकसाहेब बाकाला धरून अर्धे उठले. शांतवनने त्यांच्या काखेत हात घातला आणि त्यांना मेजापर्यंत नेलं.