चिकाचे तीन दिवस

माझं पहिलं बाळंतपण परतूरजवळच्या माहेरी झालं. तेव्हा आमच्याकडं मोगलाई होती, निजामाचं राज्य. दवाखाना गाठायचा तर बैलगाडीनं परतूर, तिथून आगगाडीनं जालना. तेवढ्यात पोर रांगायला लागायचं! म्हणून गावच्या सुईणीनं आणि माझ्या मायनं मिळून मला मोकळं केलं. पोरगी झाली. तिनं असा टाहो फोडला, की गोठ्यातली म्हैस बावरून उभी राहिली.

म्हैसही त्याच आठवड्यात व्यालेली. घरभर खरवसाचा वास. सगळे मिटक्या मारत होते आणि मला बाळंतिणीला मात्र तो वर्ज्य! मी खाटेवर पडून नुसती जळफळत होते.

आमच्याकडची रीत अशी, की बाईचा पहिला चीक, म्हणजे ते पिवळसर घट्ट दूध, लेकराला पाजायचं नाही. तीन दिवस वाटीत पिळायचं आणि भिंतीच्या बुडाला ओतून द्यायचं. तोवर लेकराच्या ओठाला गुळाच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा लावायचा. चीक जड असतो, आतड्याला चिकटतो, असं माय सांगायची. आणि मायनं सांगितलं की संपलं, पुढं कुणी तोंड उघडायचं नाही. मीही निमूट पिळत होते. म्हशीचा चीक घरात वाटून खाताहेत आणि माझा भिंतीला जातोय, यात काही वावगं आहे असं मला जराही वाटलं नाही, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी पोरीचा आवाज बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी तर ती रडेचना. बोळा लावला की गुळाचं पाणी गालावरून ओघळायचं. ओठ सुकलेले, टाळू खोल गेलेली. माझी छाती दगडासारखी ताठली होती, अंगात ताप होता.

"माय, ही जाती का गं?"

"येड्यावानी बोलू नको. उद्या पाजायचंच हाय," माय म्हणाली आणि पुन्हा बोळा भिजवू लागली.

नेमकी तेव्हाच धनगराची बाई ताक न्यायला आली. तिची मेंढरं खतासाठी आमच्या रानात बसवलेली, म्हणून रोज सकाळी तिची फेरी असायची. पन्नाशीची बाई, आवाज असा की रानातून हाक मारली तर गावात कळावं. तिनं दारातूनच आत डोकावलं. वाटी बघितली, पोरगी बघितली.

"हे काय करून राह्यल्या तुम्ही?"

"चीक हाय. टाकायचाय," माय म्हणाली.

"टाकायचा? अगं बाई! कोकराला जन्मल्याबरोबर चीक न्हाई भेटला, तर ते उभंच राहत न्हाई. मेंढीनं पाजू दिलं न्हाई, तर मी तिचे पाय धरून पाजते!"

"मेंढरं येगळी, माणसं येगळी," माय फणकारली.

"बराबर. मेंढरं शहाणी हायेत."

एरवी मी खदखदा हसले असते. पण मला राग आला, आणि माझा राग म्हणजे काय, माझ्या सासरी विचारा. मी पोरगी उचलून छातीशी धरली. माय अडवायला आली, तशी मी ओरडले, "सर तिकडं! तूच मारून राह्यलीस माझं लेकरू!"

माय जागच्या जागी थांबली.

पोरीला तोंडच उघडता येईना. मग ती बाई विटाळबिटाळ न बघता सरळ आत आली. दोन थेंब पोरीच्या ओठांवर पिळले, हनुवटी चोळली. पुन्हा दोन थेंब. किती वेळ गेला कोण जाणे. पोरीनं जीभ हलवली. मग एक घोट. दुपारपर्यंत ती अशी झोंबायला लागली, की मीच कण्हत होते. दिवस कलता कलता तिनं पुन्हा टाहो फोडला आणि मी आनंदानं ढसाढसा रडले.

त्यानंतर मी हट्टालाच पेटले. उन्हाळ्याचे दिवस. शेजारणी यायच्या, "घोटभर पाणी तरी दे गं, घसा सुकल तिचा." कुणी गुटी उगाळून आणायची, कुणी एरंडेल. मी सगळं परत पाठवायचे. कोकरू चरायला लागेपर्यंत दुधावरच, असं धनगरीणबाईनं सांगितलं होतं, मी तेच धरून बसले. "दुधात पाणी असतंच, आपल्या गवळ्याला विचारा," असं एकीला ऐकवलं, तर ती महिनाभर आमच्याकडं फिरकली नाही. उष्टावणापर्यंत माझ्या पोरीनं दुसरं काही चाखलं नाही. मांड्यांना वळ्या पडल्या तिच्या.

 पोरगी महिन्याची असतानाच मेंढरं दुसऱ्या गावाला हलली, त्या दिवशी मायनं धनगरीणबाईला पदरभर ज्वारी घातली, वेशीपर्यंत पोचवून आली. मग माझ्यापाशी बसली आणि पोरगी मांडीवर घेतली.

"तुझ्या आधीचे दोघं असेच गेल्ते," ती म्हणाली. "एक चौथ्या दिवशी, एक तिसऱ्या. रडायचे थांबले आन् मंग गेले. तू चिवट होतीस, तगलीस. बोळा मीच लावत व्हते गं, माझ्या हातानं." तिनं माझ्याकडं बघितलं. "मंग मीच मारलं का त्यांना?"

मी तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते. तरी म्हणाले, "न्हाई माय. बिलकुल न्हाई. ते तापानं गेले."

मायनं मान हलवली. पोरगी चुळबुळ करायला लागली होती. तिनं ती अलगद माझ्या हातात दिली.

"पाज तिला," म्हणाली. "जल्दी पाज. भुकेजली."