कापून टाकलेली मिनिटं

आमच्या शेंगा चटणीच्या डब्यावर एक ओळ होती: ‘प्रत्येक डबा उखळात, हाताने कुटलेला.’ ही ओळ मी लिहिली होती. दुपारी लसूण सोलता सोलता सुचली आणि हात पुसून लगेच फोनवर टिपून ठेवली. चांगली ओळ सुचली की मला स्वतःचं फार कौतुक वाटतं. तसं त्या दिवशीही वाटलं होतं.

माझा धंदाच हा. मी बार्शीची, मास्तरांच्या घरातली. लग्न होऊन सोलापुरात आले आणि घरात बसून करता येईल म्हणून दुकानदारांची सोशल मीडियाची पेजेस सांभाळायला लागले. टॉवेलवाले, चादरवाले, एक डोळ्यांचे डॉक्टर, एक मंगल कार्यालय. पहिल्या भेटीत मी प्रत्येकाला एकच प्रवचन द्यायचे. माल विकायला जाऊ नका, गोष्ट सांगा. गिऱ्हाइकाला आधी चेहरा ओळखीचा होऊ द्या, मग टॉवेल आपोआप जातो. लोक माना डोलवायचे आणि शेवटी म्हणायचे, “ते सगळं ठीक हाय ओ मॅडम, पण डिस्काउंटचं मोठ्या अक्षरात टाका की.”

असल्या बैठकांना कंटाळून मी ठरवलं की एक ब्रँड आपल्या घरचाच करायचा, ज्यात कुणी लुडबुड करणार नाही. चेहरा घरातच होता. माझ्या सासूबाई.

सासूबाई माहेरच्या मंद्रूपच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, अक्षराला अक्षर जोडून वाचायच्या, पण डब्यावरचं, बसवरचं, दुकानाच्या पाटीवरचं काही न वाचता सोडायच्या नाहीत. आमचं घर बांधलं तेव्हा फरशीवाल्याशी भांडून त्यांनी मागच्या खोलीत जमिनीत दगडी उखळ बसवून घेतलं होतं. मिक्सरमधल्या चटणीला त्या चटणी म्हणायच्याच नाहीत, ‘भुकटी’ म्हणायच्या. मी त्यांना आई म्हणायचे. माझी स्वतःची आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे ते म्हणणं रीतीपुरतं नव्हतं.

पहिला रील अगदी साधा होता. त्या पाटावर बसल्या, मुसळ उचललं, मान वर करून फोनकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, “तेल सुटंस्तवर हात थांबवायचा न्हाई.” बस एवढंच. आमच्या धंद्यात म्हणतात की पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याचं बोट थांबलं पाहिजे. त्यांच्या हसण्याने ते थांबायचं. पुण्याहून, बंगळूरहून, पार अमेरिकेतून लोक लिहायला लागले. आजींचा हात दाखवा, आजींचं लुगडं दाखवा, आजींना आमचा नमस्कार सांगा. मी सगळं वाचून दाखवायचे. त्या पदर तोंडाला लावून हसायच्या आणि विचारायच्या, “ह्यांना घरी कोण न्हाई का गं?”

दिवाळीपर्यंत मागणी इतकी वाढली की मी पुढच्या गल्लीतल्या कांडप यंत्रवाल्याशी बोलून आले. शेंगा घरी भाजायच्या, मसाला आपला, कुटायचं तेवढं यंत्रावर. व्हिडिओपुरतं उखळ आहेच. घरी येऊन मोठ्या उत्साहाने हे सांगितलं तेव्हा आई डबे पुसत होत्या. त्यांनी एक डबा डोळ्यांजवळ नेला आणि माझी ओळ बोट फिरवत वाचली.

“प्र-त्ये-क डबा. म्हंजे सगळे न्हवं?”

“आई, ती जाहिरात असते. सगळेच लिहितात.”

“सगळे कोण ते मला ठाव न्हाई. ह्याच्यावर माझं तोंड हाय.”

डब्यावर त्यांचा फोटो होता, तोही मीच लावलेला. मी वाद घातला, नवऱ्यानेही घातला. मी ओळ बदलते म्हणाले, तर त्या म्हणाल्या की लोकांना एकदा सांगून झालंय, आता कशाला बदलायचं. खरं सांगायचं तर मीही फार ताणलं नाही. ती ओळच आमच्या ब्रँडचा कणा होती, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. यंत्रवाल्याला मी नंतर कळवते म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही.

मग त्या रोज कुटायला लागल्या. सकाळी थोडं, दुपारी थोडं. मी कुटायला बसले की माझ्या हातचं मुसळ काढून घ्यायच्या, कारण माझ्या हाताने तेल सुटायला दुप्पट वेळ लागायचा आणि चटणी भरड राहायची. हे अगदी खरं होतं. पण ते खरं होतं म्हणून मी किती सहज उठायचे, हे आता आठवतं.

आठवड्यातून दोनदा शूटिंग असायचं. खोलीच्या दारात स्टँड, त्यावर फोन, खिडकीतून येणारा उजेड. पंखा बंद. पंख्याची घरघर माइकमध्ये येते आणि मुसळाचा आवाज मरतो, आणि लोकांना तो आवाज फार आवडायचा. सोलापूरचा एप्रिल ज्याने काढला आहे त्याला बंद पंखा म्हणजे काय ते सांगायला नको. मी म्हणायचे, “आई, दोनच मिनिटं.” ती दोन मिनिटं कधी दोन नसायची.

संध्याकाळी मी ते सगळं कापायला बसायचे. वीस मिनिटांतून तीस सेकंद काढायचे म्हणजे बाकीचं टाकावंच लागतं. त्या मध्येच थांबायच्या, मुसळ उखळाला टेकवून ठेवायच्या, छातीवर हात ठेवून श्वास घ्यायच्या. ती सगळी थांबणी मी कापायचे. आधी एका व्हिडिओत दोन-तीन ठिकाणी कापावं लागायचं. संक्रांतीनंतर सात-आठ ठिकाणी. उन्हाळा लागला तेव्हा मी जेवताना नवऱ्याकडे तक्रार केली होती की हल्ली आई फार ब्रेक घेतात, मला जोडायला अख्खी संध्याकाळ लागते. तो म्हणाला, “वय झालं की तिचं आता.” आई समोरच बसून ताक पीत होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “उद्यापासनं न्हाई थांबायची.”

त्यांच्या पावलांवर सूज दिसायला लागली होती. मला वाटलं, पाय दुमडून बसून येत असेल. गरम पाण्यात मीठ घालून पाय शेकायला दिले. आणि दुसऱ्या दिवशी शूटिंगच्या वेळी फोन थोडा वर घेतला, म्हणजे पाय दिसणार नाहीत. हे लिहिताना माझा मलाच राग येतो. माझं लक्ष नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही. मी त्या बाईकडे घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त वेळ, जास्त जवळून बघत होते. जे दिसलं ते चौकटीबाहेर कसं जाईल, एवढाच विचार मी केला.

मे महिन्यात एका सकाळी त्या शेंगा पाखडता पाखडता भिंतीला टेकल्या आणि धाप लागून त्यांना बोलता येईना. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि आम्हाला बाहेर बोलावून विचारलं, “दम कधीपासून लागतोय?” नवरा म्हणाला, पंधरा दिवस झाले असतील. डॉक्टर म्हणाले, हृदय एवढं थकायला पंधरा दिवस पुरत नाहीत, बरेच महिने लक्षणं असणार, घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही का? माझ्या पर्समध्ये फोन होता आणि त्यात दिवाळीपासूनचा त्यांचा एकेक श्वास तारखेसकट होता.

त्या नऊ दिवस दवाखान्यात होत्या. शुद्धीत होत्या, बोलत होत्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, “घरी किती डबे बाकी हायत?” मी म्हटलं, एकही नाही, सगळे गेले. खरं तर मागणीचे निरोप साठून राहिले होते आणि मी कुणालाच उत्तर देत नव्हते. त्या म्हणाल्या, “यंत्रावर देऊ नको हां. लिवलंय तू.” मी हो म्हटलं. नवव्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर मी पेजवर त्यांचा फोटो टाकून चार ओळी लिहिल्या. इतके दिवस लोक आजी कुठं आहेत विचारत होते, त्यांना सांगणं भाग होतं. मनापासून लिहिल्या, त्यात कसलाही हिशेब नव्हता. पण सवय वाईट. तासाभराने मी आकडे बघितले. आमच्या पेजवरची सगळ्यात जास्त बघितली गेलेली पोस्ट ती ठरली होती. हजारो अनोळखी माणसं रडणारे चेहरे पाठवत होती आणि खाली विचारत होती, चटणी आता मिळेल ना? मी फोन पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला आणि खूप रडले.

नवऱ्याचं म्हणणं होतं की जुने व्हिडिओ आहेत तेच परत परत टाकत राहू, त्यात आई तरी दिसत राहील. त्याचं दुःख वेगळं होतं, मी त्याला दोष देत नाही. चटणी आम्ही चालू ठेवली, पण कांडप यंत्रावर. डब्यावरची ती ओळ काढली आणि त्यांचा फोटोही काढला. दवाखान्यात दिलेला शब्द मी एवढाच पाळू शकले. मागणी निम्म्यावर आली. एका बाईंनी लिहिलं, आता ती चव राहिली नाही. मी त्यांना उत्तर दिलं, तुमचं बरोबर आहे.

न कापलेले व्हिडिओ मी सलग, शेवटपर्यंत कधीच बघितले नव्हते. कामाचं काढून घ्यायचं आणि बाकीचं तसंच पडू द्यायचं, ही माझी पद्धत. मागच्या महिन्यात फोनमधली जागा संपली म्हणून ते पुसायला बसले. पहिल्यापासून न बघता पुसत गेले असते तर काही कळलंच नसतं, पण एक उघडला. मार्चमधला. मी “आई, कुरिअरवाला आलाय, बसा हां” म्हणते आणि चौकटीतून निघून जाते. फोन चालूच राहिलेला.

त्या मुसळ खाली ठेवतात. दोन्ही हात मागे टेकवून मान खाली घालतात. खांदे वरखाली होतात. घाम हनुवटीवरून उखळाच्या कडेला पडतो, तो त्या पदराने पुसतात. पंख्याच्या बटणाकडे बघतात, उठायला एक हात जमिनीला लावतात आणि मग तसाच सोडून देतात. बराच वेळ काहीच होत नाही. मी बाहेर कुरिअरवाल्याशी हसून बोलते आहे ते ऐकू येतं. मग माझ्या चपलांचा आवाज येतो. तो आल्याबरोबर त्या तोंड पुसतात, पदर सारखा करतात, ताठ बसतात, मुसळ उचलतात आणि मान वर करून हसतात.

ते हसू मला पाठ होतं. त्या दिवशीच्या रीलची पहिली तीन सेकंदं तीच होती. लोकांनी लिहिलं होतं, काय निर्मळ हसतात आजी.

मी काही पुसलं नाही. नवीन फोन घ्यावा लागेल.

गेल्या आठवड्यात नवीन काम आलं. कडक भाकरी करून विकणाऱ्या एक मावशी, साठीच्या पुढच्या. त्यांच्या मुलाला ब्रँड करायचा आहे. पत्र्याची खोली, चुलीची धग, आणि मावशी एकामागून एक भाकरी थापत होत्या. मी स्टँड लावला. मुलाने माझ्याआधीच पंखा बंद केला, त्याने कुठंतरी बघितलं असेल. पाच-सहा भाकऱ्या झाल्यावर मावशींचा हात परातीत थांबला. त्यांनी कपाळ दंडाला पुसलं.

“दमलात का मावशी?”

त्यांनी पदर सारखा केला, ताठ बसल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. “न्हाई ओ. बरी हाय की मी. घ्या तुमी.”

मी फोन स्टँडवरून काढून पालथा ठेवला, उठून पंखा लावला आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. मुलगा म्हणाला, मॅडम, आवाज येईल. मी म्हटलं, येऊ दे.