आईच्या तांब्यातून वाचलेली कांडी

हैदराबादेत ज्या प्रोफेसरसाहेबांच्या घरी राहून मी बी.ए. झालो, त्यांनी निघताना मला एका आफ्रिकी झाडाची कांडी दिली होती. बिनपानांची, चौकोनी, अंगठ्याएवढी जाड. पुढे मी मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, सरकारी शाळेत मास्तर झालो आणि ती खिडकीतल्या कुंडीत वाढवली. दोन वर्षांत एकीच्या पाच झाल्या. मग साहेबांचं पत्र आलं : 'माझं झाड पावसात कुजलं. तुमचं असेल तर दिवाळीनंतर एक कांडी पाठवा.' चार वर्षं मी त्यांच्या घरचं अन्न खाल्लं होतं. त्यांनी माझ्याकडे कधी मागितलं ते एवढंच.

आणि नेमक्या त्याच पावसाळ्यात आई गावाहून माझ्याकडे राहायला आली.

आंघोळ झाली की ती तुळशीला पाणी घालायची आणि तांब्यात उरलेलं माझ्या कुंडीत ओतायची. रोज. मी परोपरीने सांगितलं, या झाडाच्या अंगातच पाणी असतं, पावसाळ्यात महिन्यातून एकदा पुरे.

"आरं, मुकं झाड हाय त्ये. मागंल कसं? एवढा शिकलास अन् घोटभर पान्याला न्हाई म्हन्तोस?"

कुंडी उंच फळीवर ठेवली, तर ती पाटावर चढून ओतू लागली. शाळेतून आलो की मी आधी माती चाचपायचो. ओलीच! एक कांडी बुडापासून पिवळी पडून मऊ झाली, मग दुसरी, मग आणखी दोन. चिडून मी दोन दिवस आईशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशीही माती ओलीच.

उरलेल्या एकीला कळी धरली आणि दसऱ्याच्या सुमारास ती उमलली. तळहाताएवढं, कच्च्या मांसाच्या रंगाचं, केसाळ फूल. घरभर मेल्या उंदराचा वास सुटला. आईने धान्याची मडकी उपसली, गोधड्या झटकल्या, शेजारणीच्या मांजराला शिव्या दिल्या. शेवटी मीच नाक धरून तिला फूल दाखवलं. त्यावर माश्या घोंगावत होत्या.

"ह्याच्यासाठी मी पाटावर चढत व्हते व्हय? आता मेल्याला थेंब देनार न्हाई!"

तिने शब्द पाळला. माझ्या विनवण्यांनी झालं नाही, ते त्या वासाने केलं. माती वाळली, कांडी टणक राहिली. दिवाळी झाल्यावर मी तिचा वरचा अर्धा भाग कापला, सावलीत सुकवला आणि टपालासाठी कापसात गुंडाळू लागलो. आई शेजारी बसून बघत होती.

"अर्धीच कावून?" ती म्हणाली. "घाल की समदी कुंडीच पार्सलात."